डिअर लॉजचं कोहर्स घराणं: एका हिवाळ्यानंतरचा हिशेब

१८८७ च्या वसंतात अमेरिकेच्या मोंटाना प्रांतात दोन भागीदार मेलेल्या गुरांची मोजदाद करत होते. एक ग्रॅनव्हिल स्टुअर्ट, दुसरा कॉनराड कोहर्स. जुडिथ नदीच्या खोऱ्यातल्या 'डीएचएस' नावाच्या मोठ्या कळपात दोघांचाही पैसा होता आणि त्या कळपातली जवळपास दोन तृतीयांश गुरं हिवाळ्यात गेली होती. स्टुअर्टने गुरांचा धंदा मनातून काढून टाकला. ज्या जनावराला मला वैरण घालता येत नाही, निवारा देता येत नाही, ते पुन्हा कधी माझ्या मालकीचं असू नये, अशा अर्थाचं त्याने पुढे आठवणींमध्ये लिहून ठेवलं. कोहर्सने मात्र एक लाख डॉलर कर्ज काढलं आणि पुन्हा गुरं विकत घेतली. चार वर्षांच्या आत कर्ज फिटलं. पुढे पंचाऐंशीव्या वर्षी तो गेला तेव्हा मोंटानातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत होती.

तोच कळप, तोच बर्फ, आणि तरी शेवट असे वेगळे. हे का घडलं, हा या प्रकरणाचा प्रश्न. 'धाडस' हे त्याचं ठरलेलं उत्तर मला पटत नाही. धाडस स्टुअर्टकडे काकणभर जास्तच होतं. १८८४ मध्ये घोडेचोरांचा बंदोबस्त करायला निघालेल्या टोळीचा तो म्होरक्या होता आणि त्या टोळीने खटला वगैरे भानगडीत न पडता माणसं सरळ फासावर चढवली होती. कोहर्सचं उत्तर शोधायचं तर पिस्तुलं बाजूला ठेवून त्याचं दुकान, त्याचं घर आणि त्याच्या गवताच्या गंज्या बघाव्या लागतात.

आधीचा मालक

गोष्ट सुरू होते ती कोहर्सच्याही आधी, जॉनी ग्रँटपासून. त्याचा बाप कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा अधिकारी. पोरगा ओरेगॉनच्या वाटेवर बसून देवघेव करायचा. पूर्वेकडून बैलगाड्या जोडून निघालेली बिऱ्हाडं रॉकी पर्वतापर्यंत पोचेपोचेपर्यंत त्यांच्या गुरांचे खूर झिजलेले असत, बरगड्या वर आलेल्या असत. अशी दोन थकलेली जनावरं घ्यायची आणि बदल्यात एक धष्टपुष्ट द्यायचं, हा ग्रँटचा सौदा. घेतलेली जनावरं हिवाळाभर दरीतल्या गवतावर सोडायची. पुढच्या उन्हाळ्यात तीच धष्टपुष्ट होऊन परत वाटेवर उभी, आणि पुन्हा एकास दोन. भांडवल जवळपास शून्य, कारण गवत कोणाच्याच मालकीचं नाही, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. ते का धरलं जात होतं, त्याकडे पुढे येतो.

१८६२ मध्ये ग्रँटने पश्चिम मोंटानातल्या डिअर लॉजच्या दरीत घर बांधलं. लाकडी ओंडक्यांचं, दुमजली, २८ खिडक्या आणि हिरव्या झडपा. आजूबाजूला खोपटी आणि तंबू असताना काचेच्या इतक्या खिडक्या म्हणजे वैभवाचा कळस. सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरचं घर धुरांड्याला धरून उचललं आणि इथे आणून ठेवलं, असं त्या वेळच्या एका वर्तमानपत्राने लिहिलं होतं. या घराची मालकीण होती क्वारा, शोशोनी-बॅनॉक या मूळ रहिवासी लोकांमधली, ग्रँटच्या बायकांपैकी एक. तिच्या नात्यागोत्यामुळेच ग्रँटला त्या मुलखात निर्धास्त वावरता येत होतं. सोन्याच्या शोधात गोऱ्यांची झुंड आली, कर वसूल करणारे आले, आणि मिश्र घराकडे नाक मुरडणारेही आले. ग्रँटचं मन उडालं. १८६६ मध्ये त्याने सगळा पसारा १९,२०० डॉलरला विकला. पुढच्याच वर्षी क्वारा क्षयाने गेली आणि तो कॅनडात रेड नदीच्या काठी निघून गेला. घेणारा होता एक जर्मन खाटीक.

खाटकाचा धंदा

कॉनराड कोहर्सचा जन्म १८३५ चा, होल्स्टाइनमधल्या वेवेल्सफ्लेथ गावचा. पंधराव्या वर्षी घर सोडलं, जहाजावर नोकरी केली, कॅलिफोर्नियात आणि फ्रेझर नदीवर सोनं शोधून पाहिलं. सोनं काही लागलं नाही. १८६२ मध्ये आयडाहोच्या खाणींकडे जाता जाता तो मोंटानात थांबला आणि बॅनॅकच्या वस्तीत हँक क्रॉफर्डच्या मांसाच्या दुकानात नोकरीला लागला. थोड्याच महिन्यांत क्रॉफर्डचं हेन्री प्लमर याच्याशी, जो पुढे तिथला शेरीफ झाला, वैर झालं, गोळीबार झाला आणि क्रॉफर्ड गाव सोडून गेला. दुकान कोहर्सकडे आलं. (हाच प्लमर वाटमाऱ्यांचा छुपा नायक असल्याच्या संशयावरून जानेवारी १८६४ मध्ये फासावर गेला. 'वेस्टर्न' सिनेमाला लागणारं सगळं या एका गावात होतं. आपल्या प्रकरणात त्याला यापेक्षा जागा नाही.)

पुढचं सगळं या दुकानातून निघतं, म्हणून इथे जरा थांबतो. खाणकामगार दिवसभर थंड पाण्यात उभे राहून रेती चाळायचे आणि संध्याकाळी त्यांना मांस लागायचं. पैसे रोख, म्हणजे सोन्याची भुकटी, तराजूवर तोलून. १८६३ मध्ये ऑल्डर गल्चमध्ये सोनं सापडलं, १८६४ मध्ये लास्ट चान्स गल्चमध्ये, जिथे आज हेलेना शहर आहे. प्रत्येक नव्या वस्तीत कोहर्सचं दुकान उघडत गेलं. भुकटीची थैली कमरेला बांधून तो डिअर लॉजला यायचा, ग्रँटसारख्यांकडून गुरं घ्यायचा आणि ती हाकत खाणीवर न्यायचा.

गुरं पाळणारे बहुतेक लोक जनावरापासून सुरुवात करतात आणि मग गिऱ्हाईक शोधतात. कोहर्स गिऱ्हाइकापासून मागे गेला. आधी दुकान, मग दुकानासाठी गुरं, मग गुरांसाठी रँच, म्हणजे गुरं पाळायची मोठी जागा. कोणत्या वस्तीत आठवड्याला किती बैल खपतात, भाव कधी पडतो, उधारी कोणाची बुडते, हे त्याला रँच घेण्याआधीच पाठ होतं. वाढीने वेग धरला तो यामुळे. मोंटानात खाणीचा धंदा बसला तरी कुठली तरी दुसरी खाण चालू असायची, आणि कोहर्सने स्वतःही खाणींत आणि खाणींना पाणी पुरवणाऱ्या पाटांत पैसा घातला होता.

सोबतीला होता सावत्र भाऊ जॉन बिलेनबर्ग. आजन्म अविवाहित, घोड्यांचा वेडा. कोहर्स महिनोन्‌महिने बाहेर असायचा, सौदे करत, खाणी बघत, पुढे तर शिकागोला. कळपावर नजर, गड्यांचे पगार, नव्या घोड्यांना वळण लावणं, हे बिलेनबर्गचं खातं. धंद्याचं नाव 'कोहर्स आणि बिलेनबर्ग' असंच होतं. इतिहासात राजा एकटा कोहर्स झाला, हा भाग वेगळा.

ऑगस्टा

फेब्रुवारी १८६८ मध्ये कोहर्स आयोवाला गेला आणि डॅव्हनपोर्टमध्ये ऑगस्टा क्रूझशी लग्न करून परतला. ती १९ ची, तो ३२ चा. दोघांची घरं जर्मन स्थलांतरितांची, ओळख जुनी. मिसूरी नदीतून आगबोटीने फोर्ट बेंटनपर्यंत आणि पुढे गाडीने, असा अनेक आठवड्यांचा प्रवास करून ती त्या २८ खिडक्यांच्या घरात पोचली. बाहेरून घर प्रांतातलं सर्वांत देखणं. आत बिनबायकी माणसांचा अड्डा. ढेकूण, मळ, आणि तुपकट मांस वाढणारा एक आचारी.

तिने आचाऱ्याला घरी पाठवला आणि चूल स्वतःच्या ताब्यात घेतली. मग रोजचं काम. पहाटे धारा, दूध विरजणं, लोणी काढणं. कॉफीच्या हिरव्या बिया कढईत भाजायच्या आणि दळायच्या. गुरं कापली की चरबी वितळवून मेणबत्त्या ओतायच्या, उरलेल्या चरबीत राखेचं क्षारपाणी मिसळून साबण शिजवायचा. घरची माणसं, गडी आणि आला-गेला, सगळ्यांचं दोन्ही वेळचं जेवण. त्यात पाठोपाठ अॅना आणि कॅथरीन या दोन मुली. मुलगा विल्यम बऱ्याच वर्षांनी झाला.

मोंटानाच्या इतिहासात हे सगळं 'तिने घराला घरपण दिलं' अशा एका वाक्यात उरकतात. माझ्या मते हा भाग जमाखर्चात धरायला हवा. त्या काळी साबण, मेणबत्त्या, लोणी हा माल फोर्ट बेंटनहून खेचरांच्या तांड्यावर यायचा आणि वाहतुकीमुळे त्याच्या किमती भडकलेल्या असायच्या. गडी टिकवायचे तर जेवण बरं लागतं, आणि ज्या रँचवर जेवण बरं तिथे हंगामात चांगली माणसं फिरून परत येतात. शिवाय कोहर्सला पैसा देणारे सावकार, खाणमालक, राजकारणी याच घरात मुक्कामाला येत. टेबल, चांदीचे चमचे, पियानो या गोष्टी ऑगस्टाने एकेक करून जमवल्या. कर्ज देणारा माणूस ज्या घरी जेवलेला असतो, त्या घराची पत किती, याबद्दल त्याचं एक मत तयार झालेलं असतं.

फुकट गवत

१८७० च्या दशकात कळप दरीत मावेना. कोहर्सने गुरं सन नदीच्या पठारांवर पाठवली, मग आणखी पूर्वेला. तयार बैल वायोमिंगमधल्या युनियन पॅसिफिक रेल्वेपर्यंत हाकत न्यायचे आणि तिथून डब्यांत भरून शिकागोला. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे दोन्ही बाजूंनी आलेले रूळ डिअर लॉजजवळ गोल्ड क्रीकपाशी जोडले गेले आणि ही पायपीट संपली. ऐन भरात कोहर्सची गुरं चार राज्यं आणि कॅनडा मिळून एक कोटी एकरांच्या आसपास मुलखावर चरत होती असं सांगतात, आणि वर्षाला आठ ते दहा हजार जनावरं शिकागोच्या बाजारात जात होती. स्वतःच्या नावावरची जमीन या मानाने चिमूटभर.

बाकीची जमीन अमेरिकन सरकारची. सार्वजनिक कुरणावर गुरं चारायला १९३४ च्या कायद्यापर्यंत केंद्र सरकार पट्टी घेतच नव्हतं. म्हणून 'फुकट गवत'. पण त्या गवताची किंमत कोणीतरी मोजली होती. १८५५ च्या हेलगेट तहाने सेलिश आणि शेजारच्या मूळ रहिवासी लोकांनी पश्चिम मोंटानाचा बहुतेक भाग सोडून दिला. उत्तरेचे अमेरिकन गव्यांचे (बायसनांचे) कळप १८८३ पर्यंत कातड्यासाठी मारून संपवले गेले आणि त्यांच्यावर जगणारे ब्लॅकफीट त्या हिवाळ्यात शेकड्यांनी भुकेने मेले. १८८८ मध्ये उत्तर मोंटानातली आणखी पावणेदोन कोटी एकरांच्या आसपास राखीव भूमी सरकारने काढून घेतली. गवे गेले, त्यांचे धनी हटवले गेले, आणि रिकाम्या झालेल्या गवतावर गुरं आली. कोहर्सने यातलं काही स्वतः केलं नाही, हे खरं. पण त्याच्या ताळेबंदातली सर्वांत मोठी मालमत्ता ही होती, आणि ती त्याने कधी विकत घेतली नव्हती.

फुकट मालाचं जे होतं ते इथेही झालं. इंग्लंड-स्कॉटलंडचा पैसा आला, टेक्सासहून कळप आले, ज्याला त्याला वाटलं आपणही पाचशे जनावरं सोडावीत. कुणाला अडवायचा हक्क कुणालाच नव्हता. १८८६ च्या उन्हाळ्यात पाऊस झाला नाही, जागोजागी वणवे लागले, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी गवत खुरटलेलं, गुरं आधीच रोडावलेली.

तो हिवाळा

नोव्हेंबरात बर्फ लवकर आला. त्याने एवढं बिघडलं नसतं, भुसभुशीत बर्फ गुरं नाकाने बाजूला सारतात. घात केला तो मधल्या उबदार वाऱ्याने. रॉकी पर्वतावरून उतरणारा चिनूक वारा एरवी रँचवाल्यांचा देव. एका दिवसात बर्फ वितळवतो, गवत मोकळं करतो. त्या जानेवारीत तो आला, वरचं बर्फ ओलं केलं आणि थांबला. लगेच कडाक्याची थंडी पडली. ओल्या बर्फाची काचेसारखी साय धरली. गाय पाऊल टाकायची आणि फुटलेल्या सायीवर पाय कापून घ्यायची. घोड्याचा खूर अखंड असतो, त्याला बर्फ फोडायची सवयही असते, म्हणून घोडे बऱ्यापैकी वाचले. गुरं वाऱ्याला पाठ करून चालत राहिली आणि ओढ्यांच्या घळीत, पुढे कुंपण आलं तर कुंपणाशी, अडकून गोठली. खालच्या शहरांत घुसून घरांच्या भिंतींना लावलेला डांबरी कागद चावणारी गुरं लोकांनी पाहिली. जानेवारीच्या अखेरीस मोठं वादळ झालं. मार्चमध्ये खरा चिनूक आला तेव्हा नद्यांना पूर आले आणि पुरातून प्रेतं वाहत गेली.

पूर्व मोंटानातल्या गुरांपैकी निदान ६० टक्के गेली, असा अंदाज सगळीकडे दिला जातो. नक्की आकडा काढणं अवघडच, कारण पुष्कळ कंपन्या गुरं मोजतच नव्हत्या. मालाचा साठा कागदावर वाढवून भागधारकांना दाखवायचा, अशी पद्धत होती. बर्फाने जनावरांबरोबर कधी नसलेली जनावरंही मारली, असं तेव्हाचे लोक म्हणत.

स्टुअर्टचं ते वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात दावणीची बैलजोडी वैरणीअभावी बाजारात नेलेल्या माणसाने वेगळ्या शब्दांत हेच म्हटलं असतं. स्टुअर्ट यात प्रामाणिक होता, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगायला हवी: त्याला हे शहाणपण परवडलं नाही, नाइलाजाने घ्यावं लागलं. त्याच्याकडे डीएचएसच्या बाहेर काही नव्हतं. पुढे तो उरुग्वे-पॅराग्वेला अमेरिकेचा राजदूत म्हणून गेला आणि उतारवयात मोंटानातल्या ब्यूट या खाणशहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल झाला.

कर्ज कसं मिळालं

कोहर्सच्या हाताशी वेगळी पानं होती. डिअर लॉजची दरी डोंगरांत दडलेली, तिथे पूर्वेच्या उघड्या पठारांसारखी कत्तल झाली नाही. शिवाय घरच्या रँचवर गवत कापून गंज्या रचायची सवय होती, कारण उत्तम वंशाचे शॉर्टहॉर्न आणि हिअरफर्ड वळू-गाई तिथे ठेवलेल्या असत. पूर्वेला विकाऊ माल मेला, पण बियाणं जिवंत राहिलं. खाणींतून थोडाफार पैसा येत होता. आणि ब्यूटमध्ये होता अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस.

डेव्हिस बँकर होता, पण निव्वळ बँकर नव्हता. डीएचएसमधला 'डी' म्हणजे डेव्हिसच. त्याचा हिस्सा १८८३ मध्ये कोहर्स-बिलेनबर्गने विकत घेतला होता. म्हणजे ज्या कळपापायी कोहर्स बुडत होता तो कळप डेव्हिसने आतून पाहिला होता, आणि कोहर्स व्यवहाराला कसा आहे हे पैसे घेताना अनुभवलं होतं. त्याने तारण न मागता एक लाख डॉलर पुढे केले. त्या वसंतात शहरांतले गुंतवणूकदार 'गुरं' हा शब्द ऐकायला तयार नव्हते.

कोहर्सने त्या पैशातून गुरं घेतली ती नेमकी बाजार तळाला असताना. कळप मेल्यामुळे कुरणं रिकामी झाली होती, उरलेल्या जनावरांना गवत मुबलक होतं, स्पर्धक पळून गेले होते. आपत्तीतच संधी असते, असं म्हणायचा मोह इथे होतो, पण आणखी एक असाच हिवाळा लागोपाठ आला असता तर हाच माणूस मूर्खपणाचं उदाहरण म्हणून शिकवला गेला असता. नशीब हा भाग वजा करून उरतं ते असं: दुकानामुळे बाजार माहीत, गंज्यांमुळे बियाणं शाबूत, घरामुळे आणि जुन्या व्यवहारामुळे पत. यातली कुठलीच गोष्ट उघड्या कुरणावरची नव्हती.

नंतर

त्या हिवाळ्यानंतर मोंटानाचे रँचवाले गवत कापू लागले, पाट काढू लागले, कुंपणं घालू लागले. घोड्यावरून उतरून विळा-पंजा धरायचं काम कित्येक काऊबॉयना कमीपणाचं वाटलं. कोहर्सला हे शिकावं लागलं नाही, फक्त वाढवावं लागलं. १८८९ मध्ये मोंटाना राज्य झालं त्या घटना परिषदेत तो प्रतिनिधी होता. १८९० मध्ये ग्रँटच्या लाकडी घराला मागून विटांची मोठी पाख जोडली: वाहतं पाणी, मध्यवर्ती उष्णता, प्रशस्त जेवणघर. १८९९ मध्ये नवराबायको हेलेनाला राहायला गेले. ऑगस्टाला ऑपेराचं वेड होतं, आणि त्यासाठी ती न्यूयॉर्कपर्यंत जाई.

वारस विल्यम. १९०१ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना अपेंडिक्सच्या दुखण्याने तो २१ व्या वर्षी गेला. त्याच्या नावाचं ग्रंथालय आईवडिलांनी डिअर लॉज गावाला बांधून दिलं. जिद्दीने वाढवण्याचं कारण त्यानंतर राहिलं नसावं असं मला वाटतं, पण रँच आटोपती घेण्याची कारणं धंद्यातलीही होती. १९०९ च्या कायद्याने कोरडवाहू मुलखात घरटी ३२० एकर मिळू लागले, वसाहतवाले लोंढ्याने आले, कुरणांवर नांगर फिरला. जमिनी टप्प्याटप्प्याने विकल्या गेल्या. कॉनराड १९२० मध्ये गेला, बिलेनबर्ग १९२२ मध्ये. घराभोवती हजारेक एकर उरले. ऑगस्टा त्यानंतरही पाव शतक जगली. १९४५ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी ती गेली, तोवर रँच पुन्हा चालता झाला होता. कॅथरीनचा मुलगा कॉनराड कोहर्स वॉरन १९३२ मध्ये व्यवस्थापक झाला आणि १९४० मध्ये त्याने रँच विकत घेतला. हिअरफर्ड गुरं आणि बेल्जियन जातीचे ओढकामाचे घोडे ही त्याची ओळख. जुने कागद, खोगिरं, पाळणे, बिलं, काही म्हणून त्याने आणि त्याच्या बायकोने टाकलं नाही. १९७२ मध्ये हा रँच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ झाला तो एवढ्या सगळ्या सामानासकट, आणि आजही तिथे गुरं पाळली जातात.

एक हिशेब मात्र उशिरा आला. ज्या खाणींनी कोहर्सचं मांस विकत घेतलं, त्यांतल्या ब्यूट आणि अॅनाकोंडाच्या तांब्याच्या कारखान्यांचा गाळ क्लार्क फोर्क नदीत जात होता. १९०८ च्या महापुराने तो काठोकाठच्या कुरणांवर पसरवला. तांबं आणि आर्सेनिक इतकं की नदीकाठी काही पट्ट्यांत अगदी अलीकडेपर्यंत गवताची काडी उगवत नव्हती. गेल्या काही वर्षांत रँचच्या हद्दीतली ही माती यंत्रांनी उकरून ट्रकांनी हलवली गेली, तिथे दुसरी माती भरली, काठावर वाळुंजाची झाडं लावली आणि ती रुजेपर्यंत गुरांना नदीपासून लांब ठेवायला कुंपण घातलं.